सेल्फ-प्रोपेल्ड लॉन मोअर चढावर ढिला पडतो: खरंच गिअरबॉक्स गेलाय का?

मुळशीचा_माळी

मुळशीकडे साधारण सहा गुंठे लॉन आहे, त्यातलं निम्मं उतारावर. गवत सिलेक्शन वन, कडेने मेक्सिकन. मशीन २१ इंची, पेट्रोलवरचं फोर-स्ट्रोक, ड्राइव्ह (मशीन आपोआप पुढे नेणारी यंत्रणा) मागच्या चाकांना, एकच स्पीड. वापराचं तिसरं वर्ष.

तक्रारी दोन. सपाटीवर मशीन नीट चालतं, पण चढावर गवताची पिशवी अर्धी भरली की ड्राइव्ह दम सोडतो. इंजिन जोरात, पातं फिरतंय, पण मशीन जागेवरच, आणि ढकललं तर डावीकडे ओढतं. दुसरं म्हणजे उन्हाळ्यात बंद होतं, आता चालू केल्यापासून इंजिनचा आवाज एकसारखा चढतो-उतरतो.

विक्रेता म्हणतोय गिअरबॉक्स बदला. त्याचा आकडा ऐकून नवीन मशीनच घ्यावं असं वाटतंय. घरच्या घरी काय तपासता येईल?

पाना_पक्कड

गिअरबॉक्सवर यायच्या आधी तीन जागा बघायच्या: केबल, बेल्ट, चाकातलं पिनियन (चाक फिरवणारं छोटं दातेरी चक्र). या मशीनमध्ये गिअरबॉक्स शेवटी जातो, पण बिल मात्र त्याचंच आधी निघतं.

इंजिन बंद, प्लगची कॅप काढलेली. हँडलवरचा ड्राइव्हचा लिव्हर दाबून धरा आणि मशीन फरशीवर मागे ओढा. मागची दोन्ही चाकं जॅम व्हायला हवीत, म्हणजे फिरण्याऐवजी घसटत यायला हवीत. एकच चाक मोकळं फिरलं तर त्या चाकाचं पिनियन गेलंय. दोन्ही मोकळी फिरली तर केबल ढिली आहे किंवा क्लच धरत नाहीये. दोन्ही जॅम होतात, तरी इंजिन चालू असताना चढावर मशीन थांबतं, असं असेल तर बेल्ट घसरतोय. तुमचं मशीन डावीकडे ओढतंय म्हणजे उजवं चाक ढकलतंय आणि डावं नुसतं सोबत येतंय. माझा पहिला संशय डाव्या पिनियनवर. तरी क्रमाने जा.

केबल: हँडलजवळ किंवा गिअरबॉक्सच्या टोकाला ॲडजस्टर असतो. लॉक नट सैल करून दोन-तीन आटे बाहेर काढा, नट परत आवळा. लिव्हर सोडल्यावर मशीन पुढे अगदी मोकळं ढकलता आलं पाहिजे. जास्त ताणलंत तर लिव्हर सोडूनही मशीन रांगत राहतं आणि क्लच अर्धवट घासून संपतो. तोच मग खरोखर गेलेला गिअरबॉक्स. केबलचं आवरण कुठे मोडून आतली तार गंजली असेल तर ॲडजस्ट करण्यात अर्थ नाही, केबलच बदला.

बेल्ट: पेट्रोल टाकी जवळजवळ रिकामी करा आणि मशीन मागे कलंडवा, प्लग आकाशाकडे. कुशीवर ठेवायचंच असेल तर एअर फिल्टरची बाजू वर. उलटं केलंत तर ऑइल फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये जातं आणि पुढची दहा मिनिटं पांढरा धूर. पात्याच्या वर बेल्टचं कव्हर असतं, ते उघडलं की बहुतेक वेळा चिखल आणि गवताचा घट्ट गोळाच बाहेर येतो. पुलीवर ओला गाळ असला की चांगला बेल्टही घसरतो. बेल्टच्या बाजू काचेसारख्या चकाकत असतील, कडेचे धागे सुटले असतील किंवा बेल्ट पुलीच्या खोबणीत तळाला टेकत असेल तर बदला. बेल्ट बाजूंनी पकडतो, तळाने नाही.

नंबर जुन्या बेल्टवरून घ्या. पुसला असेल तर बाहेरचा घेर आणि वरची रुंदी मोजून न्या. पिठाच्या गिरणीला लावतात तो साधा बेल्ट मापात बसतो म्हणून लावू नका. इथे पुली लहान आणि उष्णता जास्त, तो लवकर ताणतो. बेल्ट चढवायला पातं आणि त्याचा बॉस (पातं ज्यावर बसतं तो भाग) काढावा लागतो. बॉसखालची चावी (खाचेत बसणारा छोटा लोखंडी तुकडा) हरवू नका. पातं लाकडाच्या ठोकळ्याने अडवायचं, पाय किंवा हात लावून नाही. परत आवळताना टॉर्क (आवळण्याचा जोर) पुस्तिकेप्रमाणे. पुष्कळ मशीनमध्ये तो ५० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो.

हरळीवाला

पाना_पक्कड म्हणतात ते बरोबर, पण वापराची पद्धतही बघा. मागच्या चाकांचा ड्राइव्ह चढाला चांगला असतो, कारण पिशवीचं वजन त्याच चाकांवर येतं. पुढच्या चाकांचा असता तर पिशवी भरली की पुढचा भाग हलका होऊन चाकं गोल-गोल फिरली असती. तरीही वॉक-बिहाइंड मशीन उतारावर आडवं चालवायचं, वर-खाली नाही. खाली येताना मशीन हातातून ओढतं आणि वर जाताना पाय घसरला तर मशीन अंगावर येतं. १५ अंशांपेक्षा जास्त उतार असेल तिथे ब्रश कटरच बरा.

शिवाय पावसाळ्यात गवत एकदम आठ-दहा सेंटिमीटर होऊ देऊन तीनवर आणायला जाऊ नका. एका वेळी उंचीचा तिसरा हिस्साच कापा. सिलेक्शन वन तीन-चार सेंटिमीटरवर ठेवायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्याला कापणी लागते. चुकली तर आधी वरच्या खाचेवर एक फेरी, दोन-तीन दिवसांनी खाली. ओलं गवत डेकमध्ये (पात्यावरच्या झाकणात) चिकटलं की इंजिनची निम्मी ताकद ते ढवळण्यातच जाते. मल्चिंगचा प्लग (गवत आतच बारीक व्हावं म्हणून मागचं तोंड बंद करणारं बूच) पावसाळ्यात काढूनच ठेवा.

आणि पातं. गवताचं टोक कापल्यावर दुसऱ्या दिवशी पांढुरकं, चिंध्या झाल्यासारखं दिसत असेल तर धार गेली आहे. ग्राइंडरने ३० अंशांचा मूळ कोन ठेवून धार लावा, पण वस्तऱ्यासारखी नको. अर्धा मिलिमीटर कड राहू दे, नाहीतर पहिल्याच खड्यात दुमडते. मग मधलं भोक खिळ्यावर अडकवून बघा, जड बाजू खाली जाईल, तिकडून थोडं घासा. तोल नसलेलं पातं क्रँकचं ऑइल सील खातं.

कार्ब_साफ

आवाज चढतो-उतरतो त्याबद्दल. याला मेकॅनिक ‘हंटिंग’ म्हणतात. इंजिन गरम झाल्यावर चोक अर्धा लावा. आवाज स्थिर झाला तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) तुंबलंय किंवा कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या गॅस्केटमधून हवा शिरतेय. गॅस्केटच्या कडेला कार्ब क्लीनरचा हलका फवारा मारा (गरम सायलेन्सरपासून लांब). आवाज बदलला तर गॅस्केट, नाही तर जेट.

उन्हाळाभर पेट्रोल आत ठेवल्याचा हा परिणाम आहे. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि लहान इंजिनांच्या बहुतेक पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. पाणी फार झालं की ते दोघं मिळून तळाशी बसतात आणि फ्लोट बाउलमध्ये (कार्बोरेटरखालच्या वाटीत) पांढरा-हिरवट थर धरतो.

करायचं असं: पेट्रोलचा कॉक बंद. खाली भांडं. बाउलचा बोल्ट, बहुधा १० नंबरचा पाना. बाउल उतरवला की तळाशी काय आलंय ते नीट बघा. पाण्याचे थेंब मण्यांसारखे वेगळे दिसत असतील तर टाकीही पूर्ण रिकामी करायची, नाहीतर दोन दिवसांनी पुन्हा हेच. मधल्या खांबातलं मेन जेट योग्य रुंदीच्या पेचकसाने काढा. पितळ मऊ असतं, खाच मोडली तर कटकट. त्याच्या वरची भोकांची नळी काढा. बाजूचं पायलट जेटही (कमी वेगाचं छोटं जेट) काढा, कारण हंटिंग बहुतेकदा त्याचंच असतं. त्याचं भोक केसाएवढं. साध्या वायरच्या तांब्याच्या एका तंतूने मोकळं करा. टाचणी किंवा सुई घातली तर भोक मोठं होऊन इंजिन कायमचं काळं ओकत राहील. प्रत्येक जेट उजेडाकडे धरून आरपार गोल दिसतंय का पाहा. काही इंजिनांत बाउलचा बोल्ट हेच जेट असतं, त्याची आडवी भोकंही साफ करा.

गव्हर्नरच्या (इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगला मात्र हात लावू नका. हंटिंग दिसलं की लोक तीच आधी वाकवतात.

पुढे: एक-दोन कापण्यांपुरतंच पेट्रोल आणा. महिनाभर बंद ठेवायचं असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. रबरी नळी दर वर्षी दाबून बघा, फुगली किंवा चिकट झाली तर बदला.

मुळशीचा_माळी

फरशीवर मागे ओढून पाहिलं. उजवं चाक जॅम, डावं सरळ फिरतंय, आतून कट-कट असा आवाज. केबल दोन आटे ताणली, फरक नाही. बेल्टच्या कव्हरमध्ये गाळ होता पण बेल्टवर नंबर स्पष्ट, बाजू ठीक. अर्ध्या चोकवर आवाज स्थिर होतो आणि गॅस्केटला फवारा मारून काही बदललं नाही, म्हणजे जेट काढतो. पिनियन कसं काढायचं?

पाना_पक्कड

मग गिअरबॉक्स सोडा, तो सुखरूप आहे.

चाकाची टोपी काढा, नट खोला (१३ किंवा १४ नंबर), चाक बाहेर. चाकाच्या आतल्या बाजूला दात असतात, ते आधी बघा. दात गोल झाले असतील तर नवीन पिनियन टाकूनही महिन्यात तेच होईल, चाकासकट बदलावं लागेल. शाफ्टच्या टोकाला सर्क्लिप (अडकवून ठेवणारी स्प्रिंगची कडी), मग वॉशर, मग पिनियन. इथे थांबून फोटो काढा. वॉशरचा क्रम उलटा झाला तर पिनियन घासतं.

पिनियन सरकवलं की शाफ्टच्या खाचेत एक छोटी चावी दिसेल. पुढे जाताना ती पिनियनच्या आतल्या पायरीत अडकते आणि चाक फिरवते, तुम्ही मशीन शाफ्टपेक्षा जोरात ढकललं तर सुटते. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरू शकतं ते यामुळेच. चावीची कड गोल झाली किंवा ती खाचेत चिकटून बसली की कट-कट ऐकू येतं.

आधी सगळं रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन चावी बोटाने सरकते का पाहा. निम्म्या वेळी नुसत्या साफसफाईवर भागतं. परत बसवताना या चावीला ग्रीस भरू नका, हलक्या ऑइलचे दोन थेंब पुरे. ग्रीसमध्ये माती आणि गवताची भुकटी बसून चावी जाम होते, आणि ‘ग्रीस मारून दिलंय’ असं सांगून परत आलेल्या मशीनचा हाच रोग असतो. ग्रीस लावायचं ते फक्त चाकाच्या बुशला.

बदलायचंच तर दोन्ही बाजूंची चावी आणि पिनियन एकदम घ्या. डावं-उजवं वेगळं असतं, काहींवर खूण असते, काहींवर नसते. अदलाबदल झाली तर लिव्हर दाबूनही मशीन पुढे जाणार नाही. तसं दिसलं तर घाबरू नका, बाजू बदला. आणि मशीन धुताना प्रेशर वॉशर चाकांच्या आतल्या बाजूला मारू नका.

अंगण_नाशिक

मध्येच विचारते. नाशिकला तीन गुंठे, पूर्ण सपाट. सेल्फ-प्रोपेल्डच घ्यावं का?

हरळीवाला

ताई, नको. तीन गुंठे म्हणजे ३०० चौरस मीटर. ३८ सेंटिमीटर रुंदीच्या वायरवरच्या इलेक्ट्रिक मशीनने, पट्टे थोडे एकमेकांवर घेऊन, एका कापणीला एक किलोमीटरभर चालणं होतं, आणि ते मशीन पंधरा किलोच्या आसपास. पेट्रोलचं सेल्फ-प्रोपेल्ड तीस-चाळीस किलोंचं. ड्राइव्ह आहे म्हणून सरळ रेषेत ते हलकं वाटतं, पण झाडाच्या आळ्याभोवती फिरवताना लिव्हर सोडून ते वजन आपल्यालाच ओढावं लागतं. मागे ओढायच्या आधी चार बोटं पुढे ढकला, म्हणजे चाकं सुटतात. हे न कळल्यामुळे बरेच जण मशीन जड आहे म्हणून विकतात.

सहा गुंठ्यांपासून पुढे किंवा उतार असेल तरच ड्राइव्हचे पैसे वसूल होतात. घेतलंत तर दुकानातच बेल्ट, ड्राइव्हची केबल आणि पिनियनचा सेट मागा. काउंटरवरून लगेच काढून दिला तर ते मशीन घ्या. ‘मागवून देतो’ म्हणाले तर दुसरं दुकान बघा.

वायरचं घेतलंत तर दीड चौरस मिलिमीटरची तीन कोअरची केबल आणि प्लगपाशी आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच). कापायला सुरुवात बोर्डाच्या बाजूने करायची आणि लांब जात राहायचं, म्हणजे वायर कायम कापलेल्या गवतावर राहते.