अनुभव धागा: पोरांचे प्रोजेक्ट लोकांपुढे मांडले, ‘छान आहे’च्या पुढे काय मिळालं?

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विभागात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचं प्रदर्शन यंदा सबमिशनच्या बरंच आधी, जानेवारीत घ्यायचं चाललंय. आजवर ते एप्रिलमध्ये व्हायचं. रिबीन, नारळ, प्रमुख पाहुणे आणि अभिप्राय वहीत पानोपान ‘स्तुत्य उपक्रम’. ती वही वाचून एखाद्या पोरानं एक स्क्रू तरी बदलला असेल तर शपथ.

सांगली, मिरज, तासगाव, वाळवा, पलूस, कुठलेही असा. असं प्रदर्शन भरवलं असेल, टेबलामागे उभे राहिला असाल किंवा बघायला गेला असाल, तर लिहा. कोणाला बोलावलं, काय विचारलं आणि नंतर प्रोजेक्टमध्ये खरोखर काय बदललं, एवढंच हवंय. सत्कारांचे वृत्तांत नकोत, ते आपल्याकडे ढीगभर आहेत.

बेदाणा_गट

आमचा प्रोजेक्ट बेदाण्याच्या शेडसाठी होता. तासगावकडे द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून जाळीच्या रॅकवर पसरतात. वाळायला पंधरवडाभर लागतो. तेवढ्यात वळीव आला किंवा हवेत दमटपणा वाढला की माल काळा पडतो आणि भाव कोसळतो. म्हणून आम्ही तापमान आणि आर्द्रता मोजणारा डबा केला. मोबाईल अॅप, त्यात रंगीत आलेख, सगळं झकपक.

सरांनी प्रदर्शनाला दोन-तीन शेडवाले बोलावले होते. पहिले आले ते हात मागे बांधून सगळं ऐकत राहिले आणि म्हणाले, “लै भारी केलंय पोरींनी.” झालं. आम्ही खूश. तेवढ्यात आमच्या मॅडमनी त्यांना विचारलं, “दादा, हे तुमच्या शेजारच्या शेडवाल्याला दिलं तर तो काय नावं ठेवेल?”

आणि मग गडी सुटला! “त्यो म्हनंल, आकडा बघून मी करू काय? रात्री दोनला पाऊस आला तर ह्यो डबा मला उठवतोय का? शेडवर राखणीला म्हातारा असतोय, त्याच्याकडं साधा फोन. अॅप कुणाला दावता?”

आलेख बाजूला पडला. अॅपच्या जागी जीएसएम मॉड्यूल आलं, म्हणजे सिम घालून फोन लावणारा भाग. आर्द्रता ठरलेल्या आकड्याच्या वर गेली की डबा राखणदाराला मिस कॉल देतो. मिस कॉल आला की शेडचे पडदे सोडायचे. त्या मॉड्यूलला टूजी चालणारं सिम लागतं, ते शोधण्यात आमचा घाम निघाला, पण ते वेगळं पुराण.

दुसरा दणका कुपवाड एमआयडीसीतून आलेल्या एका काकांनी दिला. आमचा सेन्सर डीएचटी-११ होता. ८० टक्के आर्द्रतेच्या पुढे त्याच्यावर विसंबता येत नाही आणि आमचा धोका नेमका तिथूनच सुरू होणार! त्यांनी ते सेन्सरच्या माहितीपत्रकावर, म्हणजे डेटाशीटवर, बोट ठेवून दाखवलं. डीएचटी-२२ घेतला, तो १०० पर्यंत मोजतो. महाग पडला, पण व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिला प्रश्न याच सेन्सरवर विचारला. आम्ही मनात त्या काकांना नमस्कार केला.

द्राक्षवाला

मी अशा दोन प्रदर्शनांना पाहुणा म्हणून गेलोय. पोरांनी कष्टानं केलेलं असतंय, शेजारी मास्तर उभा, नावं कशी ठेवायची? आपल्यात ते बरं दिसत नाही. वहीत ‘छान’ लिहून येतो माणूस. शेजाऱ्याचं निमित्त केलं की तोंड उघडतंय, हे अगदी खरं. आमच्या हातात वस्तू द्या आणि गप बसा. चुकीचं बटण दाबलं तर लगेच “काका, असं नाही” म्हणून हात धरू नका. कुठलं बटण दाबतोय ते लिहून घ्या की!

कुपवाडचा_टर्नर

वरच्या गटाला भेटलेले काका मी नाही, पण जातो मीही. माझा प्रश्न ठरलेला असतो: पाच नग नव्हे, पाचशे करायचे झाले तर? ब्रेडबोर्डवर लोंबणाऱ्या वायरी, थर्मोकोल, फेव्हिक्विक, सगळं तिथं उघडं पडतं. पोरं गांगरतात, पण एखादी पोरगी लगेच वहीत खर्च मांडायला लागते. तिला मी माझा नंबर देऊन येतो.

नदीकाठची_मास्तरीण

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, सातवी-आठवी. आमची पोरं केंद्र सरकारच्या इन्स्पायर योजनेसाठी पुराचा इशारा देणारं मॉडेल करत होती. निवड झाली की १० हजार मिळतात, त्यामुळे उत्साह दांडगा. पाणी वर आलं की लाल दिवा आणि भोंगा. विज्ञान प्रदर्शनाच्या आधी ते आम्ही मारुतीच्या पारावर मांडलं, कारण २०१९ चा पूर ज्यांनी अंगावर घेतलाय ते तिथंच बसतात.

एक आजी म्हणाल्या, “लाल दिवा लागल्यावर काय, तवा तर पाणी दारात असतंय. म्हसरं कवा हलवायची त्ये सांग.” मग बाकीच्यांनी सुरुवात केली. इथं सगळा हिशोब सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर आहे त्यावर. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे शेंबडं पोरही सांगतं. पण आपल्या गल्लीत पाणी कितीला शिरतं, ओढ्याकडचा रस्ता कितीला बंद होतो, हे ज्याचं त्याला ठाऊक. पोरांनी घरोघर फिरून ते फूट गोळा केले आणि मॉडेलच्या पट्टीवर खुणा केल्या: इथं म्हशी, इथं धान्याची पोती, इथं रस्ता बंद. भोंगा काढूनच टाकला.

एक मात्र पटत नाही. लहान पोरांपुढे “नावं ठेवा” म्हणून पाहुण्यांना सोडू नये. इंजिनिअरिंगच्या पोरांना चालेल, सहावीतलं पोर दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही. आमच्यात आधी पोरगं विचारतं, “तुम्हाला यातलं काय वापरावंसं वाटलं?” आणि मग नावं ठेवण्याचा प्रश्न.

द्राक्षवाला

बाई, ते बरोबर. पण आमची आजी कुठं प्रश्नाची वाट बघत्याय?

माजी_गाईड

एक नियम कडक पाळा: गाईडनं, म्हणजे प्रोजेक्टच्या मार्गदर्शक सरांनी, टेबलाजवळ थांबायचं नाही. मुलांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सर देतात, पाहुणे सरांशी गप्पा मारतात आणि पोरं फ्लेक्ससारखी मागे उभी. आम्ही सगळ्या गाईडना चहाच्या टेबलावर बसवून ठेवलं. गटात कामं वाटून दिली. एकानं बोलायचं, एकानं वस्तू हातात द्यायची, एकानं फक्त लिहायचं. लिहिणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही आणि पाहुण्याचे शब्द जसेच्या तसे उतरवायचे, ‘सुधारणेस वाव’ असं भाषांतर करायचं नाही.

गुगल फॉर्म करून बघा हवं तर. पाचापैकी चार आणि पाच यापलीकडे त्यात काही येत नाही. कागदी चिठ्ठी द्या, तिच्यावर दोनच प्रश्न: कुठे अडलात, आणि घरी नेलं तर पहिल्यांदा काय मोडेल. शेवटी भडंग आणि चहा चिठ्ठ्यांच्या पेटीशेजारी ठेवा. दाराशी ठेवलात तर लोक भडंग खाऊन परस्पर जातात.

बेदाणा_गट

हो, आणि त्यांना पुन्हा बोलवा! आम्ही मार्चमध्ये हंगाम चालू असताना डबा त्याच दादांच्या शेडवर नेला. तुम्ही म्हणालात, हे बदललं, असं दाखवल्यावर त्यांनी न विचारता आणखी सांगितलं: “गंधकाची धुरी देतोय तितं ह्यो डबा न्यायचा न्हाई.” गंधकाचा धूर आणि ओल एकत्र आली की तांब्याचे जोड खाऊन टाकते, हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं, पण आमच्या डब्याशी कधी जोडलं नव्हतं. शेवटच्या रिपोर्टमध्ये ‘मर्यादा’ या मथळ्याखाली पहिल्यांदाच काही खरं लिहिलं.

धागाकर्ता

भरपूर मिळालं. हळदीची आर्द्रता मोजणारा एक गट आहे, त्यांच्यासाठी व्यापारी आणि शेतकरी दोन्ही हवेत. जानेवारीत कॉलेजवर येतील का?

द्राक्षवाला

नाही येणार. आमची तोड सुरू, हळदीवाल्यांची काढणी सुरू. टेबलं मार्केट यार्डात लावा, सौद्याला दोघंही तिथंच असतात. सौदा चालू असताना कुणाला हटकू नका, उरकल्यावर चहाला थांबतात तेव्हा गाठा.

माजी_गाईड

अर्ज बाजार समितीच्या सचिवांच्या नावे करा, सोबत प्राचार्यांचं पत्र जोडा. वीज कुठून घेणार ते अर्जातच लिहा, नाहीतर तिथंच अडतं. एक्स्टेन्शन बोर्ड आपापले न्या.