दाखल्यांवरचं संगीत नाटक क्रूसावरच संपवायचं का?

कोपरीकर:
शनिवारी ठाण्यातल्या एका हौशी ग्रुपचा प्रयोग बघितला. बायबलमधल्या मत्तय आणि लूकच्या शुभवर्तमानातले येशूचे दाखले, म्हणजे त्याने सांगितलेल्या बोधकथा, घेऊन रचलेलं मराठी संगीत नाटक, पंधरा-सोळा जण, कोणी बँकेतले कोणी शिक्षिका, पेटी-ढोलकी लाइव्ह. आधी मनापासून सांगतो, बापाचा पैसा उडवून घरी परतणाऱ्या उधळ्या पुत्राचा प्रसंग मी विसरणार नाही. पोरगा लांबून येताना दिसतो आणि म्हातारा बाप धावत सुटतो, त्याची एक चप्पल स्टेजच्या मधोमध निसटते तरी थांबत नाही, पोराला मिठी मारतो आणि मग पायातली उरलेली चप्पल काढून त्याच्या पायात घालतो. ढोलकी तिथे एकदम बंद केली होती. माझ्या शेजारचे काका डोळे पुसत होते.

पण शेवट काय तो? क्रूस, घणाचे ठोके, अंधार आणि थेट कलाकारांची ओळख. येशू मेल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा उठतो, तो तिसरा दिवस नाहीच! माझी आई ७८ वर्षांची, जन्मभर तलावपाळीच्या चर्चमध्ये जाणारी, रिक्षात बसल्यावर म्हणाली, "अरे मग उठला कवा तो?" प्रेषित पौलाने करिंथकरांना पत्रात सरळ लिहिलंय की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ. हा प्रसंग गाळायचा हक्क कोणालाच नाही असं मला वाटतं.

मागची विंग:
मी या नाटकात पेटीवर होतो म्हणून बोलतो. शेवट विसरून राहिलेला नाही, त्यावर आमची महिनाभर भांडणं झालीत. न्यूयॉर्कला १९७१ मध्ये आलेल्या गॉडस्पेल या येशूवरच्या संगीत नाटकावर पण हाच आक्षेप होता, तिथेही कलाकार येशूला उचलून नेतात आणि पुनरुत्थान असं वेगळं दाखवत नाहीत. आणि दादा, तुम्ही ज्या दाखल्यावर रडलात तोच घ्या ना. धाकट्याचं स्वागत बघून थोरला भाऊ रुसून बाहेर उभा, बाप समजूत घालतोय, आणि लूक तिथेच थांबतो. तो आत गेला की नाही हे येशूनेच सांगितलेलं नाही. ज्याने स्वतः गोष्ट अशी उघडी सोडली त्याच्या नाटकाला आम्ही वरून झाकण का लावायचं? चर्चमधली क्रूसाची वाट, येशूच्या शेवटच्या प्रवासाच्या चौदा टप्प्यांची प्रार्थना, ती तरी काय, चौदाव्या स्थानी थडग्यापाशीच संपते.

कोपरीकर:
क्रूसाची वाट थडग्यापाशी संपते कारण पुढे ईस्टरच्या आदली शनिवारची रात्र येणार हे सगळ्यांना माहीत असतं. चर्चमधले दिवे बंद असतात, बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावरून मोठी मेणबत्ती लावून आत आणतात आणि एकेकाची मेणबत्ती पेटत अख्खं चर्च उजळतं. तुमच्या नाटकाला ही शनिवारची रात्रच नाही. निम्मा हॉल ख्रिस्ती नव्हता, त्यांना पुढचं कोण सांगणार?

घोडबंदरवाली:
त्या निम्म्यातली मी. मला तो अंधारच लागला. एवढं चांगलं बोलणाऱ्या माणसाला आपण असं मारलं, हे घेऊन मी घरी गेले, रात्री झोप लागेना. लगेच उठवला असता तर टाळ्या वाजवून मोकळी झाले असते. माझं मत मागच्या विंगेला.

स्पष्टवक्ता नौपाडा:
मला मुळात प्रश्न आहे की आपल्या संतांच्या एवढ्या कथा असताना हे कशाला? ढोलकी लावून धर्मप्रचार चाललाय, दुसरं काय.

कोपरीकर:
तिकीट काढून बघितलेल्या नाटकात माझ्याकडे कोणी काही मागितलं नाही, तुमच्याकडेही मागणार नाही. आणि ही गोष्ट मराठीत उपरी नाही हो. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ चं, ओवीत आहे. रेव्हरंड टिळकांची भजनं आमच्याकडे टाळ-पेटीवर म्हणतात. माझी आईसुद्धा घरी मराठीतच प्रार्थना करते.

स्पष्टवक्ता नौपाडा:
स्टीफन्स मिशनरीच होते, पुराण लिहिलं ते गोव्यातल्या नव्या ख्रिस्ती लोकांसाठी. हे पण सांगा की. ओवी चांगली असेल, हेतू तोच होता. टिळकांबद्दल आदर आहे, ते सोडा.

मागची विंग:
हेतू होता, मान्य. आमचा तो नाही, आमच्यात पाच जण वारकरी घरातले आहेत. तो वेगळा विषय आहे, त्यावर वेगळं बोलू. कोपरीकर, एक सांगा, मार्कच्या शुभवर्तमानाच्या सर्वात जुन्या हस्तलिखितांत शेवट कुठे आहे? सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओळीला. बायका थडग्यावरून पळतात, भ्यायलेल्या असतात म्हणून कोणाला काही सांगत नाहीत. संपलं. उठलेला येशू तिथे दिसतच नाही.

कोपरीकर:
बरोबर, पण त्याच्या दोन ओळी वर वाचा. धोंड बाजूला झालेली, पांढरा झगा घातलेला तरुण बसलाय आणि तो म्हणतो, तो उठला आहे, तो येथे नाही. हे वाक्य मार्कने गाळलेलं नाही ना! मी तरी कुठे म्हणतो की येशूला दोरीने वर खेचा आणि धूर सोडा? तुमच्याच मार्कचं करा. तिघी जणी सुगंधी द्रव्यं घेऊन पहाटेच्या येतात, धोंड कोण लोटणार म्हणून आपसात बोलतात, ते एक वाक्य ऐकतात आणि धूम पळतात. दोन मिनिटं. घोडबंदरच्या ताईंची झोप पण उडेल आणि माझ्या आईला उत्तर पण मिळेल.

घोडबंदरवाली:
हे चालेल मला. पण गाणं नको त्यावर, प्लीज.

मागची विंग:
मी अजून माझ्याच मतावर आहे, अंधारात जास्त ताकद आहे. पण बायका पळतात हे तालमीत कोणाला सुचलंच नव्हतं. बुधवारी बसतोय तेव्हा दिग्दर्शकाला दाखवतो. पेरणीच्या गाण्यातल्या तिघी त्या वेळी विंगेत मोकळ्याच असतात, आणि पेटी बंद ठेवायला माझी हरकत नाही.