पक्ष वाढले की स्थानिक सत्ता डळमळतेच का?

प्रश्न:
सभागृहात गट जितके अधिक तितकी सत्ता अस्थिर, असे नेहमी वाचनात येते. एकोणीस सदस्यांत सहा गट निवडून आले आणि सर्वांत मोठ्या गटाकडे सहाच जागा असल्या, तर उरलेल्या तेरा जणांना वाटेल तेव्हा महापौर पायउतार करता येईल, हे गणित बरोबर आहे का?

प्रतिसाद 1:
ते गटांच्या संख्येपेक्षा अविश्वास ठरावाच्या नियमावर अधिक अवलंबून असते. स्पेनच्या 1985 च्या निवडणूक कायद्यानुसार कोणालाही निर्विवाद बहुमत न मिळाल्यास सर्वाधिक मते मिळवणाऱ्या उमेदवार-यादीतील (तिथे मत पक्षाच्या यादीला दिले जाते) पहिला सदस्य महापौर होतो, आणि त्याला हटवायचे तर एकूण सदस्यांच्या निम्म्याहून अधिकांना पर्यायी महापौराचे नाव देऊनच ठराव मांडावा लागतो. आपल्या उदाहरणात त्या तेरांपैकी दहा जणांचे एका नावावर एकमत व्हायला हवे. ‘हा नको’ यावर ते एका बैठकीत होईल. ‘मग कोण’ यावर बहुधा अडेल.

प्रतिसाद 2:
मान्य, पण खुर्ची टिकली म्हणजे कारभार चालला असे नव्हे. महापौर हटत नाही आणि अर्थसंकल्पही मंजूर होत नाही, ही कोंडी मला अधिक गंभीर वाटते, कारण जुनाच अर्थसंकल्प पुढे ओढला की पगार आणि देखभाल सुरू राहते, मात्र नवी कामे कागदावर राहतात. स्पेनने 1999 मध्ये यावर तोडगा काढला: अर्थसंकल्पाला जोडलेला विश्वासठराव महापौर हरला आणि विरोधकांनी महिनाभरात पर्यायी उमेदवार पुढे केला नाही, तर अर्थसंकल्प मंजूर झाला असे मानले जाते. चर्चेविना मंजुरी मिळण्याचा धोका यात आहेच, पण अडवणाऱ्यांवर जबाबदारी येते.

प्रतिसाद 3:
इटलीने 1993 पासून महापौर थेट जनतेतून निवडला. अविश्वास ठराव संमत झाला तर महापौराबरोबर सभागृहही जाते, त्यामुळे सदस्य हात वर करण्यापूर्वी स्वतःच्या जागेचा विचार करतात. जर्मनीत तर 2008 मध्ये घटनात्मक न्यायालयाने श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यातील स्थानिक निवडणुकांत जागा मिळण्यासाठी असलेली किमान पाच टक्के मतांची अट रद्द केली. स्थानिक कारभाराचा प्रमुख थेट निवडला जात असल्याने त्याच्या निवडीसाठी सभागृहात स्थिर बहुमत लागत नाही, हे त्यामागचे एक कारण होते. छोट्या गटांना दाराबाहेर ठेवण्याला माझा म्हणूनच विरोध आहे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मी गट मोजत होतो. आता दर वर्षी अर्थसंकल्प किती उशिरा मंजूर झाला, याची नोंद घेतो.