'नाडी जुळली' की 'ठोके जुळले'?

दादरकर: एका व्हिडिओ कॉल अ‍ॅपचं मराठीकरण चालू आहे. दोघांच्या हृदयाचा वेग पडद्यावर दिसतो, आकडे जवळ आले की एक ओळ झळकते. 'नाडी जुळली' असं केलं होतं, तपासनिसांनी लाल रेघ मारली. का बरं?

शब्दखोर: योग्यच केलं. पत्रिकेत दोघांची नाडी एकच, म्हणजे एकनाड, आली की ३६ पैकी ८ गुण गेले. जोडप्याच्या कॉलवर ही ओळ? 'ठोके जुळले' करा.

पाणिनीचा नातू: ठोके घड्याळाचे. 'स्पंदने' म्हणा.

गिरगावकर: छातीचेही ठोकेच पडतात, स्पंदने कवितेत. आणि इथे मनगट कोणी धरतंय? फोन चेहरा बघतो. प्रत्येक ठोक्याला त्वचेत रक्त भरतं, हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश जास्त शोषतं, कपाळावरचा-गालावरचा हिरवा किंचित उतरतो. ते चढउतार मोजायचे. मोजणी पाठवणाऱ्याच्याच फोनवर, व्हिडिओ कॉम्प्रेस होण्याआधी. नाहीतर हाच बारीक फरक आधी उडतो. ट्यूबलाइट आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, नाहीतर चित्रात पट्टे सरकतात. लोकलमध्ये मान हलली की आकडा भरकटलाच.

पाणिनीचा नातू: रंग बदलतो ना? मग नाट्यशास्त्रातलं 'वैवर्ण्य' तयार आहे. बोटांना पट्ट्या लावून घाम मोजतात, तो 'स्वेद'. दोन्ही आठ सात्त्विक भावांतले, म्हणजे भावनेने शरीरावर उमटणाऱ्या खुणांतले. सुविधेला 'सात्त्विक भाव' हेच नाव द्या.

शब्दखोर: आणि लोक त्या बटणावर साबुदाण्याची खिचडी शोधतील.

गिरगावकर: वैवर्ण्य प्रेक्षकाला दिसतं, हा फरक डोळ्यांना दिसतच नाही. 'स्वेद'ही ढोबळ. मोजतात ती त्वचेची वीजवाहकता; दचकल्यावर एक ते तीन सेकंदांनी चढते. मे महिन्यात पंख्याखाली बसलात तर नुसत्या उकाड्यानेही चढते. त्यामुळे आधी दोनेक मिनिटं शांत बसवून पायारेषा, म्हणजे मूळ पातळी, घ्यायची, मग फक्त तिच्यावरचा चढ दाखवायचा.

माटुंगावाली: 'भाव' मलाही खटकतो. ठोके १२० म्हणजे राग, आनंद की पुलाच्या पायऱ्या? आकड्यावरून कळत नाही. कळते ती फक्त खळबळ.

पाणिनीचा नातू: खळबळ वर्तमानपत्री. 'उत्तेजना' लिहा.

शब्दखोर: फॅमिली अ‍ॅप आहे हो!

पाणिनीचा नातू: बरं, 'उद्दीपन'.

माटुंगावाली: उद्दीपन विभावात येतं. चांदणं, वारा, म्हणजे बाहेरचं निमित्त. आत जे होतं त्याला कसं लावणार?

दादरकर: ओळ उद्या द्यायची आहे.

पाणिनीचा नातू: विभाव-अनुभाव आधी नीट लावून घेऊ.