बायसन जमातींकडे सोपवणे योग्य की शेजारच्या पशुपालकांवर अन्याय?

गवताळ: उत्तर अमेरिकेच्या प्रेअरीवर, म्हणजे गवताळ मैदानांवर, एकेकाळी कोट्यवधी बायसन (गव्यासारखे रानबैल) होते. १९व्या शतकाच्या अखेरीस हजारभरही उरले नाहीत. कातड्यांचा व्यापार होताच, शिवाय बायसन संपले की मूळनिवासी जमाती मुकाट राखीव क्षेत्रात जातील, हा लष्करातल्या अनेकांचा हिशेब होता. त्यामुळे यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातले जादा बायसन मोंटानातल्या फोर्ट पेक राखीव क्षेत्रासारख्या जमातींच्या भूमीवर पाठवणं ही माझ्या मते थकलेल्या देण्याची फेड आहे.

खुंटा: देणं फेडा, पण शेजाऱ्याच्या खिशातून नको. बायसनमध्ये आढळणाऱ्या ब्रुसेलोसिस या संसर्गजन्य रोगाने गायी गाभडतात. एक जनावर बाधित निघालं तरी अख्ख्या कळपाची तपासणी होते, विक्री अडकते. मोंटानातल्या पशुपालकाची भीती खोटी नाही.

गवताळ: हा रोग बायसनना मुळात गोऱ्यांच्या गुरांकडून लागला! अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०१७ सालच्या अहवालानुसार यलोस्टोन परिसरातल्या गुरांना अलीकडे झालेल्या लागणींचा माग एल्क हरणांपर्यंत जातो. एल्क मोकाट फिरतात, विलगीकरणात मात्र बायसन. एल्कच्या शिकारीत पैसा आहे, दुसरं काय!

डेन्व्हरवासी: आमच्याकडे महामार्गावरून शहराच्या जेनेसी पार्कमधला बायसनचा कळप दिसतो. २०२१ पासून शहर जादा जनावरांचा लिलाव न करता ती जमातींना देतं. छानच आहे, पण कुंपणातल्या पाचपन्नास बायसननी प्रेअरी परत येत नाही.

गवताळ: कॅन्ससमधल्या कोन्झा प्रेअरीवर बायसन कुंपणातच चरतात. तरी तिथल्या अभ्यासात न चरलेल्या भागाच्या तुलनेत स्थानिक वनस्पतींच्या जाती जवळपास दुप्पट झालेल्या दिसल्या.

खुंटा: त्याच अभ्यासात गुरांमुळेही जाती वाढल्या, फक्त कमी. ते सोयीस्करपणे गाळलंत. आणि 'जमाती' म्हणजे एकमुखी गाव नव्हे. मोंटानातल्या ब्लॅकफीट जमातीच्या राखीव क्षेत्रातले कितीतरी लोक स्वतः गुरं पाळतात. जून २०२३ मध्ये तिथल्या चीफ माउंटन डोंगराजवळ बायसन मोकळे सोडले, त्या बेताला त्यांच्यातल्याही काहींचा विरोध होता.

डेन्व्हरवासी: असणारच. पण तो वाद त्यांचा, त्यांच्या जमिनीवरचा. साउथ डकोटातल्या रोझबड राखीव क्षेत्रातही जमीन आणि कळप जमातीचा, वन्यजीव संस्था मदतीला. बाहेरचा पैसा आणून मोंटानात रँच विकत घेणाऱ्या 'अमेरिकन प्रेअरी' या संस्थेशी याची गल्लत नको. तिथे 'काउबॉय वाचवा'चे फलक लागले, त्यांचा राग मला थोडाफार कळतो.

खुंटा: एवढं मान्य. पण मोकळे सोडलेले बायसन शेजाऱ्याच्या गवतात शिरले, तर भरपाई जमात देणार, संस्था देणार की सरकार? करारात हे लिहा, मग बोलू.

गवताळ: लिहाच. सोबत एल्कच्या नुकसानीचंही कलम घाला.