परदेशातल्या आपल्या माणसांनी पाठवलेली भेट आणि कस्टम ड्युटी: तुमचा अनुभव लिहा

दादा न्यू जर्सीला असतो. २०२२ च्या दिवाळीला त्याने आईसाठी खोकं पाठवलं. गुडघे शेकायचं यंत्र, दोन स्वेटर, चॉकलेटं. खोक्यावर ठळक अक्षरांत 'गिफ्ट' लिहिलेलं. आई गिरगावात एकटी राहते, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पोस्टमन वर आला आणि म्हणाला, मावशी, ९,२७४ रुपये भरायचे आहेत. आईच्या कपाटात तीन हजार होते. शिवाय बँकेत तिला दर वेळी सांगतात की पार्सलच्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नका. तिने पोस्टमनला पाणी दिलं आणि खोकं परत पाठवलं. चार दिवस आम्हाला काही बोलली नाही, कारण दादाला वाईट वाटेल.

मी पोस्टात जाऊन पैसे भरून खोकं आणलं. त्या वेळचा हिशेब असा होता: लिहिलेली किंमत १२,०००. त्यावर ३५ टक्के मूळ ड्युटी म्हणजे ४,२००. त्या ड्युटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, ४२०. झाले १६,६२०. मग या सगळ्यावर २८ टक्के आयजीएसटी (आयात मालावरचा जीएसटी), ४,६५४. सगळं मिळून किमतीच्या ७७.२८ टक्के. आई एकच गोष्ट विचारत राहिली, "भेटीवर कर कसला?" मला उत्तर देता आलं नाही.

असं घराघरांत होत असणार. पोस्टाने आलं की कुरियरने, कोणत्या वर्षी, किती भरलं, काय चुकलं, ते लिहा. इथली म्हातारी माणसं एकटी असताना हे त्यांच्या दारात येतं, म्हणून विचारतेय.

निवृत्त टपालवाला, डोंबिवली

ताई, आईंच्या प्रश्नाचं उत्तर देतो. माझी बरीच वर्षं या खात्यात गेली.

१२ डिसेंबर २०१९ पर्यंत पोस्टाने किंवा कुरियरने आलेली ५,००० रुपयांपर्यंतची खरीखुरी भेट ड्युटीशिवाय सुटत होती. परदेशातल्या दुकानांच्या साइटवरून लोक माल मागवायचे आणि तो 'गिफ्ट' म्हणून यायचा. एकाच पत्त्यावर एका महिन्यात पंधरा-पंधरा गिफ्टा. म्हणून त्या दिवशीच्या अधिसूचनेने सवलत काढली. तेव्हापासून 'गिफ्ट' म्हणून फुकट सुटतात त्या दोनच गोष्टी, जीवरक्षक औषधं आणि राखी. बाकी भेट पाठवता येते, पण पूर्ण ड्युटी भरून. तुमच्या दादाची काही चूक नाही. परदेशात राहणाऱ्या कितीतरी जणांच्या डोक्यात अजून २०१९ च्या आधीचा नियम आहे.

मुंबईचं परदेशी टपाल बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनात येतं. तिथे कस्टमचे अधिकारी बसतात. पिशव्या फुटतात, एक्स-रे होतो, खोक्यावरचा सीएन २२ किंवा सीएन २३ हा फॉर्म वाचला जातो. त्यावर नुसतं 'गिफ्ट' किंवा 'घरगुती वस्तू' असेल तर अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. मग खोकं उघडतात आणि किंमत स्वतः ठरवतात. ड्युटी कस्टम लावतं, पोस्टमन फक्त वसूल करतो. त्याच्यावर चिडणारे खूप पाहिले, तुमच्या आईंनी पाणी दिलं हे वाचून बरं वाटलं.

पाठवणाऱ्याला एवढं सांगा: प्रत्येक वस्तू वेगळी लिही, नग लिही, प्रत्येकाची खरी किंमत लिही, दुकानाची पावती असेल तर आत ठेव.

मुलुंडकर

काकांचं 'खरी किंमत लिही' अधोरेखित करतो. दुबईच्या मेव्हण्याने मला घड्याळ पाठवलं. प्रेमापोटी आणि ड्युटी वाचावी म्हणून किंमत लिहिली २० डॉलर. कुरियर सहारला, म्हणजे मुंबई विमानतळाच्या कस्टममध्ये, अडकलं. आधी आधार आणि पॅन मागितलं, ते दिलं. मग पत्र आलं की जाहीर केलेली किंमत मान्य नाही, पावती दाखवा. पावती दाखवली तर २० डॉलर खोटे ठरणार, नाही दाखवली तर ते इंटरनेटवरची किंमत धरणार. तीन आठवडे गेले. शेवटी खऱ्या किमतीवर ड्युटी भरली, आणि त्यावर कुरियर कंपनीने आमच्या वतीने ड्युटी आधी भरल्याचं शुल्क लावलं, त्या शुल्कावर पुन्हा जीएसटी. हे शुल्क आधी कोणी सांगत नाही. पाठवणाऱ्याने कुरियरवाल्याला पहिल्यांदा तेच विचारावं.

मेव्हणा अजून माझ्याशी बोलताना त्या घड्याळाचा विषय टाळतो. त्याची काही चूक नाही असं मी त्याला तीनदा सांगितलंय.

ताईची धाकटी, ठाणे

माझी बहीण मेलबर्नला. २०२० ला तिने पाकिटातून राखी पाठवली, माझ्या भावाकडे आरामात पोचली. पुढच्या वर्षी तिने त्याच पाकिटात शर्ट आणि भाचरांसाठी चॉकलेट घातलं, तर ड्युटी लागली. तेव्हा समजलं की सूट राखीला आहे, राखीबरोबरच्या भेटीला नाही. आता ती राखी वेगळ्या पाकिटातून पाठवते. शर्ट भाऊ इथेच घेतो आणि तिला फोटो पाठवतो.

निवृत्त टपालवाला, डोंबिवली

बरोबर केलंत. आणखी एक, एकूण ड्युटी १०० रुपयांपर्यंतच होत असेल तर ती घेतच नाहीत. तशी तरतूद कस्टम कायद्याच्या २५ व्या कलमात आहे. त्यामुळे अगदी लहानसहान पाकिटं निघून जातात.

बोरिवली पूर्व

हे लिहायला जड जातंय.

एप्रिल २०२१. बाबांचं ऑक्सिजन ८८ वर. बोरिवलीपासून दहिसरपर्यंत एका रुग्णालयात खाट नाही. ह्यूस्टनच्या चुलतभावाने दुसऱ्याच दिवशी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विकत घेतला आणि कुरियरला दिला. तोपर्यंत असं यंत्र 'गिफ्ट' म्हणून सुटणाऱ्या वस्तूंच्या यादीत नव्हतं. ३० एप्रिलला सरकारने ते त्या यादीत घेतलं, ३१ जुलैपर्यंत, पण आयजीएसटी राहिलाच; १ मे रोजी वैयक्तिक वापरासाठीच्या कॉन्सन्ट्रेटरवरचा आयजीएसटी २८ वरून १२ टक्के केला. आमचं यंत्र त्या दोन तारखांच्या मधोमध सहारला उभं होतं. मी रोज फोन करायचो. फोन उचलणारी मुलगी स्वतः खोकत होती.

यंत्र आठव्या दिवशी घरी आलं. १२ टक्के भरले. पैशाचं काही नाही, त्या दिवशी मी कितीही भरले असते. पण माझ्यासारख्याच एका वृद्ध गृहस्थांनी दिल्ली उच्च न्यायालयात विचारलं की पुतण्याने भेट पाठवलेल्या श्वासाच्या यंत्रावर कर का, आणि २१ मे २०२१ ला न्यायालयाने तो कर घटनाबाह्य ठरवला, तेव्हा मी बाबांना तो निकाल वाचून दाखवला. १ जूनला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, ते मात्र सांगितलं नाही. बाबा आज ८१ वर्षांचे आहेत. यंत्र माळ्यावर आहे, सोसायटीत कोणाला लागलं तर देतो.

आत्याची भाची, परळ

पार्सल नाही, विमानतळाचं. आत्या मस्कतला वीस वर्षं आहे. २०२४ मध्ये माझ्या लग्नाला चार बांगड्या घेऊन आली, ३८ ग्रॅम. तिला कोणीतरी सांगितलेलं, बाईला ४० ग्रॅम चालतं. ती हिरव्या वाटेने (ड्युटी लागेल असं काही नाही म्हणणाऱ्यांच्या) बाहेर पडायला निघाली आणि अडवली. २०१६ च्या बॅगेज नियमांत ४० ग्रॅमबरोबर एक लाख रुपयांची किंमत-मर्यादाही होती. ही मर्यादा ठरली तेव्हा एक लाखात पस्तीस ग्रॅमच्या आसपास सोनं यायचं, २०२४ मध्ये जेमतेम चौदा. वजनाचा आकडा सगळ्यांच्या तोंडी, किमतीचा कोणाच्याच नाही. आत्याने तिथे उभं राहून ड्युटी भरली. लग्नात मला म्हणाली, "तुझ्या बांगड्यांना दोनदा पैसे पडलेत, नीट घाल."

फेब्रुवारी २०२६ पासून नवे बॅगेज नियम आलेत. आता दागिन्यांना फक्त वजन बघतात, एक वर्षाहून जास्त परदेशात राहिलेल्यांपैकी बाईला ४० ग्रॅम आणि इतरांना २०. बाकी सामानाची मर्यादाही ५०,००० वरून ७५,००० झाली. तरी मोठं काही असेल तर लाल वाटेनेच जा आणि स्वतः सांगा. विचारायच्या आधी सांगितलं की अधिकारी नीट बोलतात, हे मी तिथे उभी राहून पाहिलंय.

पार्ल्याचा सीए

वस्तूंचं चाललंय म्हणून पैशांबद्दल एक नोंद. परदेशातून खात्यात भेट म्हणून आलेल्या पैशांवर कस्टम ड्युटी नसते, प्रश्न आयकराचा येतो. जवळच्या नातेवाइकाकडून कितीही आले तरी कर नाही. परक्याकडून वर्षात ५०,००० च्या वर गेले की पूर्ण रक्कम उत्पन्नात धरतात, वरचीच नव्हे.

घोळ 'नातेवाईक' या शब्दात आहे. काका किंवा मामाने भाच्या-पुतण्याला पाठवले तर करमुक्त, कारण आईवडिलांची भावंडं व्याख्येत आहेत. पण पुतण्याने काकांना पाठवले तर काकांच्या दृष्टीने पुतण्या त्या व्याख्येत बसत नाही. चुलत, मावस, आते, मामे भावंडंही नाहीत. आपल्याकडे काकांनी वाढवलेला पुतण्या कॅलिफोर्नियाहून दर महिन्याला पैसे पाठवतो, आणि काकांना नोटीस आल्यावर ते माझ्यासमोर बसून रडतात. एकदा तरी असं झालंय. लग्नाच्या निमित्ताने वराला किंवा वधूला आलेल्या भेटीवर मात्र कर नाही, देणारा कोणीही असो.

गोरेगावची शेजारीण

आमच्या मजल्यावरच्या काकूंची गोष्ट, त्यांच्या परवानगीने. फेसबुकवर लंडनचा एक 'डॉक्टर' ओळखीचा झाला. भेट पाठवली म्हणाला. दोन दिवसांनी दिल्ली कस्टममधून बोलतेय म्हणून एका बाईचा फोन. आधी ३५,००० ड्युटी, मग पार्सलमध्ये परकीय चलन सापडलं म्हणून आणखी ८०,०००, सगळं कोणाच्या तरी बचत खात्यात. काकूंनी दोन्ही भरले. तिसऱ्यांदा मागितले तेव्हा मला सांगितलं.

लक्षात ठेवा, कस्टम कोणाच्या वैयक्तिक खात्यात पैसे घेत नाही. त्यांच्या प्रत्येक पत्रावर दस्तऐवज क्रमांक असतो, त्याला डीआयएन म्हणतात, नोव्हेंबर २०१९ पासून. तो त्यांच्या साइटवर टाकून तपासता येतो. फसलात तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. काकूंचे दुसरे पैसे बँकेने थांबवले, पहिले गेले.

आणि धागाकर्त्या ताई, तुमच्या आईंनी पैसे दिले नाहीत याचं मला कौतुक वाटलं.

ऐरोली

भाच्याने माझ्या मुलाला कॅमेऱ्याचा ड्रोन पाठवला, २०२३. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, हे आम्हालाही माहीत नव्हतं आणि त्यालाही. ड्युटीचा प्रश्नच आला नाही, जप्त झाला. पाठवण्याआधी बंदीची यादी बघून घ्यावी एवढंच.

धागा काढणारी

सगळं आईला वाचून दाखवलं. बोरिवलीचं वाचताना तिने मला थांबायला सांगितलं, थोड्या वेळाने पुढे वाच म्हणाली.

दादाशीही बोललो. २०२६ च्या अर्थसंकल्पात वैयक्तिक वापराच्या वस्तूंवरची मूळ ड्युटी २० वरून १० टक्के केलीय, म्हणजे २०२२ एवढी लागणार नाही. तरी त्याने ठरवलंय की मोठ्या वस्तूंसाठी आईच्या खात्यात पैसे टाकायचे, ती दादरला जाऊन घेईल. आईला हे पटलं नाही. तिला खोकं हवंय. त्याच्या अक्षरातला पत्ता हवाय. म्हणून या वर्षी लहान पाकीट येणार आहे: नातीने काढलेलं चित्र, दादाचं पत्र, आणि वहिनीने आईसाठी विणलेला मफलर.

डोंबिवलीच्या काका, शेवटचं विचारते. मफलर विकत घेतलेला नाही, वहिनीने घरी विणलाय. फॉर्मवर त्याची किंमत काय लिहायची?

निवृत्त टपालवाला, डोंबिवली

तसाच मफलर दुकानात जेवढ्याला मिळेल तेवढी. 'हाताने विणलेला लोकरी मफलर, नग १' असं स्पष्ट लिहायला सांगा. किंमत शून्य लिहू नका, शून्य बघितलं की पाकीट हमखास उघडतात. चित्र आणि पत्र वेगळ्या पाकिटात घाला, ते आधी पोचेल.