मदत हवी आहे: डिसेंबरच्या सुरुवातीला स्टोला (व्हरमाँट, अमेरिका) शिकाऊ लोकांना स्की करता येतं का?

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्टोजवळ एका जुन्या लाकडी इनमध्ये राहायचं ठरतंय, बरोबर आई-बाबा आणि ८ वर्षांची लेक, स्की आधी कोणीच केलेलं नाही. स्टोचं स्की जिथे होतं तो माउंट मॅन्सफिल्ड डोंगर १,३३९ मीटर उंच, त्यामुळे वर बर्फ लवकर साठतो पण पायथ्याशी त्या दिवसांत पाऊसही पडतो, आणि मशीनने बर्फ करायचा तरी हवा थंड आणि कोरडी लागते, म्हणून शिकाऊंचा भाग कधी उघडेल तेच कळत नाहीये. इनच्या मालकीणबाईंशी फोनवर बोलले, फार आपुलकीने बोलल्या, आई-बाबांना जिना नको म्हणून शेकोटीच्या बाजूची खालची खोली ठेवते म्हणाल्या, पण स्लोपचं विचारल्यावर सगळं हवामानावर आहे एवढंच. स्नो रिपोर्ट बघतेय, त्यात आजचं कळतं, पुढचं नाही. डोंगरापलीकडचं स्मगलर्स नॉच हे स्की रिसॉर्ट सुचवू नका प्लीज, तिकडे जाणारा रूट १०८ चा घाट हिवाळ्यात बंद असतो आणि वळसा आई-बाबांना झेपणार नाही. जानेवारीत सुट्टी नाही.

याच आठवड्यात कोणी गेलं असेल तर सांगा, लहान मुलांना शिकण्यापुरता तरी स्लोप उघडा होता का, आणि लिफ्टचं तिकीट आणि क्लास आत्ताच बुक करू की जायच्या २-३ दिवस आधीपर्यंत थांबलं तरी मिळतं?